पोस्ट : एका शब्दाची कुळकथा

आज एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द काही मोठा विद्वत्तेचा नव्हे. ज्याने इंग्रजी शाळेचे तोंडही पाहिले नाही, अशा माणसाच्या तोंडीही तो रोज असतो. तो शब्द म्हणजे ‘पोस्ट’. "पोस्टात जाऊन ये", "पोस्ट रिकामी आहे", "त्याची पोस्टिंग गडचिरोलीला झाली", "पोस्टमार्टेमला नेलं", "पोरानं मोबाइलवर पोस्ट टाकली" ही सगळी वाक्ये आपण एकाच दिवसात ऐकतो, आणि हा शब्द प्रत्येक वेळी वेगळा आहे हे ध्यानातही येत नाही. पण कधी कधी ते ध्यानात न आल्यामुळे माणसाचे हसे होते, आणि हसण्यावारी नेता येणार नाही असेही काही होते.

माझे वडील एक हकीकत सांगत. ते कोकणातल्या एका खेड्यात शिक्षक होते, त्या वेळची. साल १९६६. गावातल्या एका विधवा बाईचा मुलगा व्हर्नाक्युलर फायनल झालेला होता. त्याने कुठल्याशा कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. दोन महिन्यांनी इंग्रजीत टाइप केलेले चार ओळींचे उत्तर आले. मास्तर त्या दिवशी केंद्राच्या सभेला तालुक्याला गेलेले. मग पत्र वाचायला कोण? वाण्याच्या दुकानात बसणारे एक गृहस्थ होते, दोन इयत्ता इंग्रजी शिकलेले. त्यांनी चष्मा लावला, ओळींवरून बोट फिरवले. पत्रात ‘पोस्ट’ हा शब्द तीनदा आला होता. गृहस्थ म्हणाले, "पोस्ट मिळाली!" बाईने पाच घरी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी मास्तर परत आले आणि त्यांनी पत्र वाचले. त्यात लिहिले होते ते असे : अमुक पोस्टसाठी तुम्ही केलेला अर्ज आम्हाला पोस्टाने मिळाला, परंतु ती पोस्ट आता भरली गेली आहे.

तीन ‘पोस्ट’, पहिली आणि तिसरी नोकरीची, मधली टपालाची. वाचणाऱ्याने ‘पोस्ट’ आणि ‘मिळाला’ एवढे दोन शब्द ओळखले आणि जोडून टाकले. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. एका ओळीत एकच शब्द दोन अर्थांनी वापरणाऱ्या इंग्रजी भाषेलाच थोडा द्यावा म्हणतो! तेव्हा या शब्दाची वंशावळ एकदा मांडून पाहू.

इंग्रजीत ‘पोस्ट’ नावाचा एक शब्द नसून निदान तीन निराळ्या घराण्यांतले शब्द एकच नाव लावून फिरतात. गावात तीन रामा असावेत, एक पाटलाचा, एक कुंभाराचा, एक गुरवाचा, तसे. तिघांचीही मूळ वस्ती मात्र लॅटिन भाषेत.

त्यातला सर्वांत साधा पोस्ट म्हणजे खांब. लॅटिनमध्ये ‘पोस्टिस’ म्हणजे दाराची चौकट धरणारा उभा खांब. ‘लॅम्पपोस्ट’ म्हणजे दिव्याचा खांब, फुटबॉलचा ‘गोलपोस्ट’ म्हणजेही खांबच. घोड्यांच्या शर्यतीत शेवटी एक खांब असतो. जो घोडा तो आधी ओलांडील तो जिंकला, मग मागचा घोडा चार बोटे मागे असो की चार कोस. आपल्याकडे ज्या पद्धतीने लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सदस्य निवडून येतात, म्हणजे ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, त्या पद्धतीला इंग्रजीत या शर्यतीच्या खांबावरूनच नाव पडले आहे. निवडणुकीला आपण शर्यत म्हणतो ते उगीच नाही.

या खांबाचा एक उपयोग जुन्या इंग्लंडात असा होता की, सरकारी जाहिरनामा, नाटकाची जाहिरात, हरवल्या-सापडल्याची सूचना, काय असेल ते कागदावर लिहून रस्त्याकडेच्या खांबाला चिकटवीत. खांबाला कागद लावणे म्हणजे ‘पोस्ट’ करणे, आणि जो लावला तो कागद ‘पोस्टर’. आता गंमत पहा. मुलगा मोबाइलवर चार ओळी आणि एक फोटो टाकतो आणि म्हणतो, "मी पोस्ट टाकली." आपल्याला वाटते की पत्र पोस्टात टाकतात तसेच हे. पण नाही, ही पोस्ट पत्राची नव्हे, खांबाची. पत्र एकासाठी असते आणि पाकिटात असते. खांबावरचा कागद येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी असतो. एवढा फरक वर्गात मुलांच्या मनावर ठसला, तर काय टाकावे आणि काय टाकू नये याचा निम्मा विचार तेथेच होईल असे मला वाटते.

दुसरे घराणे ‘नंतर’ या अर्थाचे. लॅटिन ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, मागाहून. संस्कृतातला ‘पश्चात्’ हा त्याचा दूरचा भाऊ. पत्र संपल्यावर आपण ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम, लिहितो; इंग्रज तेथे ‘पोस्टस्क्रिप्ट’ लिहितो, म्हणजे पश्चात् लिहिलेले. पदवीनंतरचा अभ्यास तो पोस्टग्रॅज्युएट. दुपारनंतरच्या वेळेला ‘पी. एम.’ म्हणतात, तोही हाच पोस्ट. आणि पोस्टमार्टेम. आमच्याकडे एक म्हाताऱ्या आजी या शब्दाने फार घाबरत. पोस्टाच्या लोकांचा आणि मेलेल्या माणसाचा काय संबंध, असे त्या विचारीत. संबंध काहीच नाही. ‘मॉर्टेम’ हा आपल्या ‘मृत्यू’चाच नातेवाईक. तेव्हा ‘मृत्युपश्चात्’ या शब्दातली दोन पदे उलटीकडून ठेवली की पोस्टमार्टेम होते. दोन्ही भाषांतली दोन्ही पदे एकाच रक्ताची. सरकारी दवाखान्यात मात्र ‘पी. एम. झाले’ म्हणतात, घड्याळातही ‘पी. एम.’ होतात, पोस्टमास्तरही ‘पी. एम.’ आणि पंतप्रधानही ‘पी. एम.’! संक्षेपाची हौस माणसाला कुठे नेईल सांगवत नाही.

आता तिसरे घराणे. हेच मोठे, आणि खरा इतिहास येथे आहे. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्यावरून ‘पोझिटुम’ म्हणजे ठेवलेले आणि ‘पोझिटा’ म्हणजे ठेवलेली. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्या भाषेतही तीन लिंगे आहेत. ‘ठेवलेले’ यातून इटालियन आणि फ्रेंच भाषांच्या वाटेने जो ‘पोस्ट’ आला तो जागेचा : शिपायाला पहाऱ्यावर जेथे ठेवले ती त्याची पोस्ट, मग नोकरीत ज्या जागी ठेवले तीही पोस्ट. आपल्याकडे यासाठी किती नेमके शब्द होते : ठाणे, चौकी, नाके, पद, जागा. ‘ठेवलेली’ यातून जो पोस्ट आला तो टपालाचा. टपालात काय ठेवलेले असते? पत्र नव्हे. घोडे!

ते असे. प्राचीन काळी राजाला दूरच्या प्रांताची खबर लवकर हवी असेल, तर एकाच घोड्यावर एकच स्वार सारा रस्ता कसा तोडणार? म्हणून रस्त्यावर ठराविक अंतराने ताजे घोडे आणि माणसे ठेवीत. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने अशी व्यवस्था सगळ्या साम्राज्यभर लावली होती. पुढे युरोपात या ठेवलेल्या ठिकाणांना ‘पोस्ट’ म्हणू लागले, तेथून निघणाऱ्या स्वाराला पोस्ट म्हणू लागले, त्याच्या थैलीतल्या पत्रांना पोस्ट म्हणू लागले, आणि शेवटी सगळ्या खात्यालाच. नाव ठिकाणावरून माणसावर आणि माणसावरून पिशवीवर असे सरकत गेले. इंग्लंडात तातडीच्या पत्रावर ‘त्वरा कर, पोस्टा, त्वरा कर’ अशा अर्थाचे शब्द लिहीत; तेथे ‘पोस्ट’ म्हणजे तो घोड्यावरचा माणूस.

आपला ‘डाक’ हा शब्द अगदी याच वाटेने गेला आहे. डाक म्हणजे मुळात टप्प्याटप्प्यावर बसविलेली माणसे किंवा घोडे. म्हणून तर ‘डाक बसविणे’ असा जुना प्रयोग. ‘डाकबंगला’ म्हणजे पत्रे ठेवायचा बंगला नव्हे, प्रवासाच्या टप्प्यावरचा बंगला. रोमचा माणूस आणि हिंदुस्थानचा माणूस एकमेकांना विचारायला गेले नव्हते; काम एकच, म्हणून शब्दाची चालही एकच.

आणि आपल्याकडची डाक काही कच्ची नव्हती. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ साली सिंधमार्गे हिंदुस्थानात आला. तेव्हा दिल्लीला महंमद तुघलक राज्य करीत होता, ज्याने आपल्या देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तेथे नेली तोच. बतूताने येथल्या डाकेचे वर्णन लिहून ठेवले आहे. घोड्यांची डाक निराळी, माणसांची निराळी. माणसांच्या डाकेत मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर एक चौकी. तेथे माणसे कंबर कसून तयार बसलेली. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज कानी आला की पुढच्या चौकीवरचा माणूस उठून उभा राहायचा आणि पत्र हातात पडताच धावत सुटायचा. सिंधहून दिल्लीला जायला प्रवाशाला पन्नास दिवस लागत, पण खबर पाच दिवसांत पोचे. घोड्यापेक्षा हे धावणारे लोक वेगवान, असे तो म्हणतो. सुलतान दौलताबादेला असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी याच लोकांच्या हस्ते येई; ती वाट चाळीस दिवसांची होती. घंटांची ती काठी इंग्रजी अंमलातही टिकली. डोंगरातून टपालाची थैली नेणाऱ्या ‘रनर’च्या हातात घुंगरांचा भाला असे, तो श्वापदांना भिवविण्यासाठी आणि लोकांना वर्दी देण्यासाठी.

पण एक गोष्ट विसरू नका : ती सारी डाक राजाची होती. रयतेच्या पत्राला तीत जागा नव्हती. आपल्या मराठ्यांच्या राज्यात जासूद असत, त्यांच्या जोड्या पत्रे घेऊन दिल्ली-पुणे करीत. सावकारांची स्वतःची माणसे असत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घात झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन माळव्यात भिलशाच्या बाजूला आलेले. त्यांना ही वार्ता प्रथम कळली ती दहाएक दिवसांनी, हाती लागलेल्या एका सावकारी पत्रावरून. त्यात नुकसानीचा हिशेब मोती-मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिला होता. मुलगा आणि भाऊ गमावलेल्या माणसाला ते पेढीच्या पत्रातून उमगावे! त्या काळी खबर कोणाच्या हाती होती हे यावरून दिसते. सामान्य शिपायाच्या घरी, सांगली-साताऱ्याच्या खेड्यात, ती वार्ता कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या तोंडून पोचली असेल, याचा विचार मनात आला की मी पुढचे पान लवकर उलटीत नाही.

इंग्लंडातही हीच तऱ्हा होती. तिथली राजाची डाक पहिल्या चार्ल्स राजाने १६३५ साली लोकांसाठी खुली केली. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानात वॉरन हेस्टिंग्सने १७७४ साली कलकत्त्यात पैसे घेऊन कोणाचेही पत्र नेण्यास आरंभ केला. दर शंभर मैलांना दोन आणे. त्यासाठी दोन आण्यांची तांब्याची टिकली पाडली होती. मग १८३७ च्या कायद्याने सरकारने पत्रे नेण्याचा मक्ता आपल्याकडे घेतला. दर मात्र अंतरावर. कलकत्ता ते मुंबई एक तोळा वजनाच्या पत्राला एक रुपया! तेव्हाचा रुपया म्हणजे काय ते जुनी माणसे सांगतील. पत्र पाठविणे हा व्यापाऱ्याचा आणि साहेबाचा उद्योग होता, कुणब्याचा नव्हे.

तो उद्योग कुणब्याचाही झाला तो १८५४ साली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सगळ्या हिंदुस्थानात अंतराचा विचार काढून टाकून वजनावर एकच दर ठरला : पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. कलकत्त्याच्या त्याच तोळाभर पत्राला रुपयाऐवजी दोन आणे पडू लागले. ही कल्पना इंग्लंडात रोलंड हिल याची, तेथे १८४० साली अमलात आलेली. त्याच्या आधी, १८५२ साली, सिंध प्रांतापुरते अर्ध्या आण्याचे तिकीट बार्टल फ्रिअरने काढले होते, तेच आशियातले पहिले टपाल तिकीट. तिकीट न लावता पत्र टाकले तर घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करीत. त्याला आपण ‘नॉटपेड’ म्हणू लागलो. ‘नॉटपेड आलंय’ म्हटले की घरात चूल विझल्यासारखे होई. कारण पैसे भरायलाच हवेत, आणि पत्र दुःखाचे असण्याचा संभव अधिक. हिंदीत त्याला ‘बैरंग’ म्हणतात. हा ‘बैरंग’ म्हणजे रंगहीन असे कोणी शिकवील तर ऐकू नका. इंग्रजी ‘बेअरिंग’चे, म्हणजे खर्च घेणाऱ्यावर टाकलेल्या पत्राचे, ते देशी रूप आहे.

मग एकामागून एक सोयी आल्या. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, कार्ड निघाले. १८८० साली मनीऑर्डर पोस्टाकडे आली, १८८२ साली देशभर बचत बँक. या मनीऑर्डरीवर आपल्या कोकणाची आणि घाटावरच्या अर्ध्याअधिक दुष्काळी तालुक्यांची चूल कित्येक वर्षे पेटली. गिरणीत कापूस ओढणारा माणूस परळला, त्याचे घर संगमेश्वरला किंवा पाटणला. मधला पूल पोस्टमनच्या पिशवीचा. शिवाजी महाराज टर्मिनसजवळ १९१३ साली पुरी झालेली मुंबईच्या मोठ्या पोस्टाची इमारत आहे, तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधला आहे. मुंबईला गेलात तर जरूर पहा.

इंग्रज टपालाला ‘पोस्ट’ म्हणतो, अमेरिकन ‘मेल’ म्हणतो. पण ब्रिटनमध्ये ती पोस्ट वाटणाऱ्या संस्थेचे नाव ‘रॉयल मेल’, आणि अमेरिकेत मेल वाटणाऱ्या खात्याच्या नावात ‘पोस्टल’! ‘मेल’ म्हणजे जुन्या फ्रेंच भाषेत पिशवी. आपण मात्र मेल म्हणजे वेगाने जाणारी आगगाडी समजतो. त्यातही चूक काही नाही. ती टपालाची पिशवी घेऊन जाई म्हणूनच तिला लहान स्टेशनांवर थांबायची मुभा नव्हती.

या ‘ठेवणे’ घराण्याचा पसारा फार आहे. पोस्टात तुम्ही डिपॉझिट ठेवता, तो ‘डिपॉझिट’ याच धातूचा. आणि शेतकरी वाचकांना सांगायला मला विशेष आनंद वाटतो की, उकिरड्याच्या खड्ड्यात पालापाचोळा, शेण, माती एकावर एक थरांनी ठेवून जे ‘कंपोस्ट’ खत होते, तेही याच कुळातले. ‘एकत्र ठेवलेले’ एवढाच त्याचा अर्थ. एखादे काम पुढे ढकलणे म्हणजे ‘पोस्टपोन’. यात ‘नंतर’वाला पोस्ट आणि ‘ठेवणे’वाला पोन एकत्र नांदतात. सरकारी कचेऱ्यांत या दोन घराण्यांची सोयरीक चांगलीच जमलेली दिसते.

डाकेच्या टप्प्यांची जुनी कल्पना पुन्हा एकदा नव्या रूपाने आली ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोडच्या रूपाने. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित आणि कवी. सहा आकड्यांत सारा देश बसविला. ४० ते ४४ ने आरंभ होणारे आपले, त्यातले ४०३ गोव्याचे. ९ ने आरंभ होणारे लष्कराचे. सैन्यातला मुलगा कोणत्या बर्फात उभा आहे हे आईला कळत नाही, पण त्या आकड्यावर पत्र जाते. येथे पोस्टचे दोन्ही अर्थ एका पाकिटावर येतात : मुलगा आपल्या पोस्टवर, पत्र पोस्टाने.

तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पत्रेही आता थोडकीच येतात. पण शब्द मात्र दिवसेंदिवस अधिकच कामाला लागला आहे. म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. वर्गात ‘पोस्ट’चा अर्थ एका ओळीत फळ्यावर लिहून देऊ नका. मुलांना घरून, गल्लीतून, बाजारातून ऐकलेली वाक्ये आणायला सांगा, आणि मग विचारा : हा खांबाचा, पश्चात्चा की ठेवल्याचा? तास कसा संपला कळणार नाही.

त्या बाईच्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. गूळ वाटून झाल्यावर खोटे ठरलो म्हणून तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही. मग मामाबरोबर मुंबईला गेला आणि गिरणीत बदलीवर लागला. चार महिन्यांनी वीस रुपयांची पहिली मनीऑर्डर आली. फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुरासाठी कूपन असे, ते फाडून घेणाऱ्याजवळ देत. बाईने ते कूपन चुलीशेजारच्या तारेच्या आकड्याला अडकवून ठेवले होते. वडिलांनी ते वाचून दाखवले होते, म्हणून त्यांना पाठ होते : मी खुशाल आहे, पैसे मिळाल्याचे कळवावे. ता. क. पत्र आले तर दुकानात नेऊ नये, मास्तर येईपर्यंत थांबावे.